कोणत्याही शाखेची पदवी

२०२३ साली महसूल विभागाने तलाठ्यांच्या ४,६४४ जागा काढल्या. शैक्षणिक पात्रतेपुढे एवढंच लिहिलं होतं: कोणत्याही शाखेची पदवी. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. तरी दहा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त पदवीधर. अशा भरतीत इतिहासात एम.ए. झालेला, रसायनशास्त्राचा बी.एस्सी. आणि मेकॅनिकलचा इंजिनिअर एकाच बाकावर बसतात. मिळणारं काम काय, तर फेरफार नोंदवा, सातबारा नीट ठेवा, गारपीट झाली की पंचनाम्याला बांधावर जा. तीन-चार वर्षं तुम्ही काय शिकलात याच्याशी त्या जाहिरातीला देणंघेणं नसतं. सनद आहे ना, मग भरा फॉर्म.

हा फॉर्म भरणारी पोरं येतात कामरगावसारख्या गावांतून. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं हे गाव. पिकं सोयाबीन, तूर, कपाशी. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि वीस वर्षांनी नीती आयोगाने मागासलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातल्या चार नावांत त्याचं नाव होतं. इथल्या स्टँडवर पंचविशीतल्या एखाद्या पोराला कुणी विचारलं, "काय करून रायला बे सध्या?" तर उत्तर येतं, "तयारी करून रायलो, काका." कशाची तयारी, हे कुणी विचारत नाही. तलाठी, पोलीस, वनरक्षक, ग्रामसेवक, जे निघेल ते. हाताशी प्लॅस्टिकची फाईल असते. तिच्यात दहावी-बारावीचे मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, डोमिसाइल, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, मुदत संपत आलेलं नॉन-क्रिमीलेअर आणि सगळ्यांत मागे अमरावती विद्यापीठाची सनद. दर भरतीला फाईलमधून हे कागद निघतात, सेतू केंद्रावर स्कॅन होतात, पुन्हा आत जातात.

मग पदवी घ्यावी की नाही? घ्यावी तर कशाची? शहरातली माणसं हा प्रश्न आवडीनिवडीचा समजतात. कामरगावात तो हिशोबाचा आहे, म्हणून आधी हिशोब मांडू. रुपयांत मांडला तर तो खोटा वाटतो, क्विंटलात मांडू.

समजा पाच एकर कोरडवाहू. बरं साल असलं तर एकरी सहा क्विंटल सोयाबीन, म्हणजे तीस क्विंटल. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण बाजार समितीत बहुतेकांना चार हजार-बेचाळीसशेच्या आसपास मिळाले. बेचाळीसशे धरले तर सव्वा लाख. त्यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वजा करा, निम्मंही राहत नाही. आता पोरगा पुण्याला अभ्यासिका लावतो. कॉटबेसिसवरची जागा, मेस, अभ्यासिकेची फी, चहा, फॉर्म. महिन्याला नऊ हजार म्हणजे हात आखडून. वर्षाला एक लाख आठ हजार, अर्थात साधारण सव्वीस क्विंटल. पाच एकरांतलं जवळजवळ सगळं सोयाबीन, खर्च न कापता. असा पोरगा तीन वर्षं पुण्यात राहिला तर तीन हंगाम गेले, आणि ते नुसत्या सोयाबीनने भागत नाहीत. तूर, बापाची मजुरी, कधी आईचं डोरलं, कधी सोसायटीचं कर्ज.

याउलट खुद्द पदवी स्वस्त आहे. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची वर्षाची फी काही हजारांत असते. राखीव प्रवर्गाला महाडीबीटीवरून परतावा मिळतो, तो उशिरा का होईना येतो. गावातून एस.टी.ने जाऊन-येऊन शिकलं तर विद्यार्थी पासला भाड्याचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या तीन वर्षांत रोजाने काम केलं असतं तर काय मिळालं असतं, तेही धरायला हवं. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर होता दिवसाला २९७ रुपये. वर्षातून दीडशे-दोनशे दिवस काम लागलं तरी बुडालेली मजुरी वर्षाला पंचेचाळीस ते साठ हजार. म्हणजे सरकारी आकड्यांत शिक्षणाचा म्हणून दिसतो तो खर्च कमी आहे. घर मोडतं ते पदवी हातात आल्यावर सुरू होणाऱ्या वर्षांनी, आणि ती वर्षं कुठल्याच फी-पावतीवर नसतात.

तरी घरचे का पाठवतात? कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. गावोगाव शाळा निघाल्या, मास्तर हवे होते. पंचायत समित्या निघाल्या, ग्रामसेवक हवे होते. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तालुक्याच्या गावाला शाखा उघडल्या, कारकून हवे होते. वीज मंडळ, एस.टी., पाटबंधारे सगळीकडे माणसं हवी होती आणि शिकलेली माणसं मोजकी. त्या काळात मॅट्रिक झालेला मास्तर झाला आणि बी.ए. झालेला साहेब. ज्याच्या मोठ्या काकाने १९७० मध्ये दोन एकर गहाण ठेवून पदवी घेतली आणि १९८० मध्ये चार एकर विकत घेतले, त्या घराला पदवीवर शंका घ्यायला सांगणं अवघड आहे.

वऱ्हाडात या श्रद्धेला थोरांचा आधारही आहे. जेवायला ताट नसलं तर भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असं गाडगेबाबा कीर्तनांतून सांगत फिरले. त्यांना स्वतःला शाळा मिळाली नव्हती. १ मे १९८३ ला स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. दुसरे पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, आणि डॉक्टरेट मिळवली ती कशात, तर वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. पुढे १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि १९५२ ते १९६२ देशाचं कृषिखातं सांभाळलं. भाषणांत त्यांचं उदाहरण देऊन "विषय कुठलाही घ्या, जिद्द पाहिजे" असं सांगणारे वक्ते इकडे पुष्कळ आहेत. हे मला पटत नाही. विलायतेची डॉक्टरेट असलेला शेतकऱ्याचा मुलगा त्या वेळी जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतका होता. तेव्हा दुर्मीळ होती ती पदवीच. विषय संस्कृत असला काय आणि अर्थशास्त्र असलं काय, दार उघडणारच होतं. आज एका भरतीला दहा लाख पदवीधर उभे राहतात.

त्यांच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सारा भरते रयत आणि सरकार पैसा ओततं उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, त्यात शेतीचं व्यवहारी ज्ञान द्या, ही मागणी. मुंबई विद्यापीठातून पहिले बी.ए. बाहेर पडून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. रानडे आणि भांडारकर १८६२ च्या त्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे पदवीवरचा खर्च कुणाच्या खिशातून होतो आणि फायदा कुणाच्या घरात जातो, हा प्रश्न मराठीत पदवीइतकाच जुना आहे.

पश्चिम विदर्भाच्या अलीकडच्या आठवणीत मात्र फुले-पंजाबराव यांच्यापेक्षा डी.एड. जास्त ताजं आहे. दोन हजारच्या दशकात बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. केलं की विसाव्या-एकविसाव्या वर्षी शिक्षणसेवक. २००० साली आलेल्या या योजनेत तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची, मग पूर्ण वेतनश्रेणी. पोरीचं डी.एड. झालं तर चांगलं स्थळ, पोराचं झालं तर स्थळं चालून येत. खाजगी डी.एड. कॉलेजं पीक आल्यासारखी उगवली. शेतं विकून लोकांनी प्रवेश घेतले. मग २०१० नंतर भरती आटली. इंग्रजी शाळांनी जिल्हा परिषदेच्या पटावरची मुलं ओढली, पट पडताळणी झाली, शिक्षक अतिरिक्त ठरू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली टीईटी झाली, तीत उत्तीर्ण झाले ते किरकोळ. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, मग पवित्र पोर्टल आलं, आणि प्रत्यक्ष नेमणुकांना आणखी काळ गेला. ज्याने २००९ मध्ये विसाव्या वर्षी डी.एड. केलं, तो तोवर तिशीला टेकला होता. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झालं ते २०२३ मध्ये. दरम्यान कॉलेजं एकेक करून बंद पडली.

कामरगावच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज नाही, कारण तुरीत त्याने ते भोगलं आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेवर गेली, पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारात चार हजारही मिळेनात. नाफेडच्या केंद्रावर गाड्यांची रांग हलेना. पेरणीच्या वेळी जो भाव दिसतो तो काढणीच्या वेळी नसतो. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये इंजिनिअरांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं: पगार वाढले की प्रवेश वाढतात, चार वर्षांनी इंजिनिअरांचा सुकाळ होतो, पगार पडतात, मग प्रवेश पडतात. शिक्षणात फरक एवढाच की तूर चार-सहा महिने घरात ठेवता येते आणि पुढच्या वर्षी दुसरं पीक घेता येतं. विसाव्या वर्षी घेतलेलं डी.एड. मोडून दुसरं काही पेरता येत नाही.

आज हेच कॉम्प्युटरच्या शाखांत चालू आहे. २०१० च्या दशकात राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी जागा रिकाम्या राहू लागल्या, सिव्हिल-मेकॅनिकलचे वर्ग ओस पडले, आणि संस्थांनी त्या जागा कमी करून कॉम्प्युटर आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या वाढवल्या. आज प्रवेश घेणारा चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा भाव काय असेल, हे ना कॉलेज सांगू शकतं ना करिअर मार्गदर्शन शिबिरातला वक्ता. जो सांगतो त्याच्यापासून जपून राहावं.

आता थोडी अर्थशास्त्राची बाजू. पदवीधराला जास्त पगार का मिळतो, याची दोन उत्तरं आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेलं उत्तर असं की शिक्षणाने माणसाची कामाची कुवत वाढते आणि पगार त्या कुवतीचा असतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी शक्यता दाखवली. शिक्षणाने कुवत तसूभरही वाढत नाही असं धरलं तरी पदवीधराला जास्त पगार मिळू शकतो, कारण चिकाटी, शिस्त, बुद्धी आहे की नाही हे मालकाला बाहेरून दिसत नाही, आणि ज्याच्यात ते आहे त्याला पदवी मिळवणं सोपं जातं. म्हणून पदवी ही खूण ठरते. दोघांनाही नोबेल मिळालं, त्यामुळे वाद मिटला असं समजायला नको. एका बाबतीत मात्र स्पेन्स यांचं म्हणणं तलाठी भरतीला चपखल लागू पडतं: सगळ्यांकडे आली की खूण पुसट होते. मग बी.ए.वर एम.ए. हवं, एम.ए.वर बी.एड. हवं, त्यावर सेट-नेट, त्यावर पीएच.डी., आणि एवढं करून कॉलेजात तासिका तत्त्वावर. रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये या प्रकाराला पदव्यांचा रोग म्हटलं, आणि उशिरा विकास सुरू झालेल्या देशांत तो जास्त जोरात पसरतो असंही नोंदवलं.

कोणत्याही शाखेच्या पदवीने काहीच मिळत नाही असं मात्र म्हणू नये. पदवी मिळून तीन वर्षं झाली की विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवता येतं. घटनेच्या १७१ व्या कलमाने पदवीधराला हे जादा मत दिलं आहे, आणि ते नोकरी लागो न लागो मिळतंच. अमरावती विभागाचा असा आमदार निवडून देणाऱ्यांत नोकरीची वाट पाहणारेही आलेच.

बेकारीचे आकडे वाचताना एक चूक हमखास होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ चे आकडे आहेत: १५ ते २९ वयोगटातल्या पदवीधरांत २९.१ टक्के बेकार, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ३.४ टक्के. हे पाहून "बघा, न शिकलेला बरा" असं पारावर कुणी म्हणालं तर ते चूक आहे. अडाणी माणूस बेकार राहत नाही कारण त्याला बेकार राहणं परवडत नाही. संध्याकाळी चूल पेटायची असेल तर सकाळी मिळेल त्या रोजाने जावंच लागतं. पदवीधर बेकार दिसतो कारण त्याचा बाप त्याला काही वर्षं पोसू शकतो. म्हणजे हा आकडा पदवी निरुपयोगी आहे असं सांगत नाही. पदवीधर वाट पाहतो आहे, आणि त्याची वाट पाहणं घरचे फेडत आहेत, एवढं सांगतो. जगभरचा अनुभव शिक्षणाच्या बाजूनेच आहे: शिकलेल्या प्रत्येक जादा वर्षाने कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं साकारोपुलोस आणि पत्रिनोस यांनी २०१८ मध्ये अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून मांडलं. पण ही सरासरी आहे. सरासरीत पुण्यात स्थिरावलेलाही असतो आणि चौतिसाव्या वर्षी गावी परतलेलाही.

मग विषयाने किती फरक पडतो? फार. नॉर्वेत प्रवेश गुणांनुसार मध्यवर्ती पद्धतीने होतात, त्यामुळे अर्ध्या गुणाने एक शाखा हुकून दुसरीत गेलेल्या मुलांची पुढची कमाई ताडून पाहता येते. कर्केबोएन, ल्यूव्हेन आणि मोगस्टाड यांनी ती ताडली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: कोणती शाखा घेतली याने कमाईत मोठा फरक पडतो, कोणत्या कॉलेजात घेतली याने त्या मानाने थोडा. आपल्याकडे लोक उलटं करतात. कॉलेजच्या नावासाठी जिवाचं रान आणि शाखा मात्र जी मिळेल ती.

कामरगावकडे शाखा ठरते दहावीच्या निकालानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत. विज्ञान घ्यायचं तर शिकवणी आली, शिकवणीसाठी कारंजाला नाही तर अमरावतीला खोली आली. ती झेपत नाही म्हणून आर्ट. देशभरातही पदवीला शिकणाऱ्यांत सर्वांत मोठा गट कला शाखेचाच. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ३४.२ टक्के, तर विज्ञान १४.८, वाणिज्य १३.३ आणि इंजिनिअरिंग ११.८. कला शाखेत वाईट काही नाही. राज्यशास्त्र किंवा भूगोल मन लावून शिकलेला माणूस स्पर्धा परीक्षेतही पुढे असतो आणि गावातही शहाणा ठरतो. पण आवडीने भूगोल घेणारा वेगळा आणि बस साडेदहाला सुटते म्हणून भूगोल घेणारा वेगळा. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मेजर-मायनर आणलं. फॉर्म भरताना पोरं एकमेकांना विचारतात, "मेजर काय टाकलं?" आणि मेजर तेच पडतं ज्याचे प्राध्यापक त्या कॉलेजात आहेत.

कुठली पदवी कामाची, हे पाहायला तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यावर दोन दुकानं पुरेत. पहिलं मेडिकल. १९४८ च्या फार्मसी कायद्यामुळे आणि औषधांच्या नियमांमुळे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय ते चालवता येत नाही. परवाना भिंतीवर दर्शनी भागात लावावा लागतो आणि त्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस दुकानात हजर असणं कायद्याला अपेक्षित आहे. तो नेहमी हजर असतोच असं नाही. सनद एकाची आणि गल्ल्यावर दुसराच, असा भाड्याचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. तो बेकायदा आहे, पण त्यातून एक गोष्ट उघड दिसते: त्या कागदाला बाजारात महिन्याचं भाडं मिळतं. बी.ए.च्या सनदेला कुणी भाडं देणार नाही. दुसरं दुकान कृषी केंद्र. पूर्वी कुणीही बियाणं, खतं, कीटकनाशकं विकत असे. गेल्या दशकात केंद्र सरकारने नियम बदलले; आता कीटकनाशकाच्या परवान्याला कृषीची किंवा त्याच्याशी संबंधित विज्ञानाची पात्रता लागते, आणि जुन्या दुकानदारांसाठी 'देसी' नावाची वर्षभराची पदविका आहे. त्यामुळे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून बी.एस्सी. ॲग्री झालेल्या पोराकडे भरतीखेरीज एक वाट राहते. कुठल्या अळीवर काय मारायचं हे त्याला कळतं, परवाना स्वतःच्या नावाने निघतो, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असतं. उधारी वसूल करणं मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

या दुकानांत कायदा पदवीचा विषय विचारतो. डी.फार्म.चंही डी.एड. होणार नाही अशी खात्री नाही. कॉलेजं तितक्याच वेगाने वाढली आहेत आणि एका बाजारात मेडिकलं किती चालतील याला हद्द आहे. तरी शाखा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच: ही पदवी असल्याशिवाय जे करताच येत नाही, असं एक तरी काम तालुक्यात आहे का?

मुलींचा हिशोब वेगळा आहे, आणि तो मुलांच्या हिशोबात मिसळला की दोन्ही बिघडतात. कामरगावच्या मुलीने कारंजाला जाऊन-येऊन बी.ए. केलं आणि पुढे नोकरी लागली नाही, तर पैसे वाया गेले असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कॉलेजात नाव असेपर्यंत "शिकून रायली ना पोरगी, एवढी घाई कायले?" असं आईला म्हणता येतं, आणि ती तीन वर्षं पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरतात. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी. फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना आठशेहून अधिक व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते, मुख्यसेविका व्हायला पदवी. म्हणजे मुलीच्या पदवीचा खर्च कमी आणि मिळकत पगाराबाहेरही. नर्सिंग किंवा फार्मसी झेपत असेल तर आणखी बरं. नसेल तर बी.ए. सुद्धा चालेल. मुलाच्या बी.ए.बद्दल हे इतक्या सहज मी म्हणणार नाही.

मुलाच्या पदवीचा भाव लग्नाच्या बाजारातही ठरतो. शेती करतो म्हटलं की स्थळ पुढे सरकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुलींचं घटलेलं प्रमाण हा त्यांचा मुख्य मुद्दा होता, पण शेतकरी नवरा नको ही खंतही होतीच. त्यामुळे "तयारी करतो" हे बायोडाट्यात "शेती करतो" पेक्षा बरं दिसतं. पोरगा पुण्यातून परत यायला तयार नसतो त्याचं अर्धं कारण अभ्यासात नाही, इथे आहे.

आणि सरकारने त्याला थांबण्याची सोय करून ठेवली आहे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३ पर्यंत बसता येतं. वयोमर्यादा वाढवा ही मागणी दर आंदोलनात असते आणि ती पुढाऱ्यांना आवडते, कारण तिला तिजोरीतून पैसे लागत नाहीत. जागा तेवढ्याच, पण उमेदवार आणखी पाच वर्षं आशेवर. पोलीस शिपायाची मर्यादा २८ आणि ३३. ग्राउंड मारून दोन-तीन भरत्या हुकल्या की त्या पोराला बाहेर पडावं लागतं, आणि पंचविशी-तिशीत तो गाडी घेतो, डेअरी टाकतो, समृद्धी महामार्गालगत काहीतरी जमवतो. राज्यसेवेच्या पोराला हा दट्ट्याच नसतो. म्हणून घरानेच तारीख ठरवावी लागते, आणि ती पुण्याला जायच्या आधी ठरवावी. तीन प्रयत्न किंवा सत्ताविसावं वर्ष, जे आधी येईल ते. नंतर ठरवायला गेलं की दर वेळी कटऑफ दोनच गुणांनी हुकलेला असतो.

पदवी आणि कमाई यांचा क्रम उलटाही लावता येतो, आणि मला वाटतं पाच एकरवाल्यांनी तो जास्त वेळा लावायला हवा. समजा दोघं भाऊ. थोरला बी.ए. करून तयारीला गेला. धाकट्याने दहावीनंतर वीजतंत्रीचा आयटीआय केला. महावितरणने विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या. तिथेही गर्दी अफाट, पण पदवीधरांची फौज त्या दारात उभी राहू शकत नाही, कारण जाहिरातीत वीजतंत्री किंवा तारतंत्री हा विषय नावानिशी लिहिलेला असतो. तीन वर्षांचं कंत्राट, मानधन पहिल्या वर्षी पंधरा हजार, मग सोळा, मग सतरा, आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून कायम. धाकट्याला ती जागा लागली नाही तरी मोटारीचं रिवाइंडिंग, घरांची फिटिंग, सोलर पंपाची जोडणी यांवर त्याचा खिसा रिकामा राहत नाही. चोविसाव्या वर्षी तो यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरतो. १९८९ मध्ये नाशिकला हे विद्यापीठ सुरू झालं ते अशाच लोकांसाठी. फी तो स्वतःच्या कमाईतून भरतो, पुस्तकं विद्यापीठाकडून मिळतात, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन बसतो आणि विषय घेतो तो इतिहास, कारण त्याला शिवकाळ वाचायला आवडतो. तीन वर्षांनी त्याच्याकडेही तीच पात्रता येते जी थोरल्याकडे आहे, आणि तलाठ्याच्या पुढच्या भरतीचा फॉर्म दोघंही एकाच सेतू केंद्रावरून भरतात. थोरल्याचे नऊशे रुपये धाकटा देतो.